चार मिनिटांचा आवाज

रविवारच्या जेवणाला क्रिकोर तेर्झियान आयुष्यात कधी उशिरा पोचला नव्हता. त्या दिवशी तो वीस मिनिटे आधी पोचला आणि थोरल्या भावाच्या दारासमोर गाडी उभी करून आतच बसून राहिला. शेजारच्या आसनावर पत्र्याचा एक चपटा गोल डबा होता. डब्यावर त्याच्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत रिळाचा क्रमांक, दृश्याचा क्रमांक, फितीची लांबी आणि तारीख लिहिलेली होती. त्याखाली, 'आवाज' या शब्दापुढे, त्याने लिहिले होते: सातेनिक मार्दियान. एवढेच खोटे होते. चव्वेचाळीस वर्षे ध्वनिमुद्रक म्हणून त्याने हजारो डब्यांवर असे लिहिले होते. त्यात खोटे लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

सातेनिक मार्चमध्ये वारली. थोरल्या भावाच्या, वाहानच्या, चित्रपटातले तिचे काम संपून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

अंगणातून नुबार येताना दिसला. वाहानचा हा एकुलता मुलगा हॉलिवूडच्या एका स्टुडिओत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याच्या पँटची इस्त्री रविवारीही मोडत नसे. तो खिडकीशी वाकला.

"काका, गाडीतच जेवणार की काय? ताट इथे पाठवू?"

"येतो रे."

नुबारची नजर डब्यावर गेली. आवाज उतरला. "जमलं?"

"जमलं. बाई हुशार आहे. पंधरा वर्षं रेडिओवर म्हाताऱ्यांचे आवाज काढतेय. सातेनिकला दम लागायचा ना, तोसुद्धा तिने बरोबर जागच्या जागी लावला."

"मग झालं तर. बाबांचा डावा कान कामातून गेलाच आहे आणि उजव्याचंही काही खरं नाही. त्यांना कळायचं नाही."

"त्याला कळणार नाही, याचाच तर त्रास होतोय, नुबार."

"त्रास मंगळवारनंतर करून घ्या," नुबार म्हणाला. पण म्हणताना त्याने काकाच्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळवारी दहा वाजता वरच्या मजल्यावरची मंडळी चित्रपट बघणार. चार मिनिटं मुकं चित्र दिसलं की विचारतील, आवाज कुठंय? नाही म्हटलं की म्हणतील, दृश्य कापा. आणि एकदा त्यांचा हात कात्रीला लागला की ती माणसं एका दृश्यावर थांबत नाहीत. तीस वर्षं बाबा ही कथा उराशी धरून बसलेत. यानंतर त्यांना कुणी चित्रपट देणार नाही, काका. हा तरी त्यांच्या मनासारखा बाहेर पडू दे."

क्रिकोरने डबा काखेत घेतला. त्याच्या पुतण्याचे एकही वाक्य चूक नव्हते.

चूक क्रिकोरची स्वतःची होती, आणि ती जगातल्या दुसऱ्या कुणा ध्वनिमुद्रकाच्या हातून होणे शक्य नव्हते.

वाहान दृश्य चालू असताना कॅमेऱ्याशेजारच्या लाकडी स्टुलावर बसे. दृश्य मनासारखे संपले की तो आधी उठे आणि मग 'कट' म्हणे. उठणे आणि म्हणणे यांत एका श्वासाचे अंतर असायचे. सदतीस साली तेवढे होते आणि चौऱ्याहत्तर सालीही तेवढेच राहिले. क्रिकोरला हे अंतर आपल्या नाडीसारखे पाठ होते. स्टूल करकरले की तो फीत थांबवी, म्हणजे भावाचा तो शब्द कधी फितीवर येत नसे. इतर दिग्दर्शकांबरोबर त्याने असला आगाऊपणा केला नसता. वाहानच्या बाबतीत त्याला तो कौशल्याचा कळस वाटे.

फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या द्राक्षमळ्यातल्या घरात, सातेनिकचे शेवटचे दृश्य होते. घर सोडून शहरात निघालेली म्हातारी खिडकीशी उभी राहते, मुलगा बोचके उचलून बाहेर जातो, ती म्हणते, "मी तयार आहे," आणि दृश्य संपते. सातेनिक म्हणाली. स्टूल करकरले. क्रिकोरने फीत थांबवली. पण वाहान 'कट' म्हणाला नाही. तो तोंड अर्धवट उघडे ठेवून उभाच राहिला, कारण सातेनिक बोलत होती. खिडकीकडे तोंड करून, अगदी पुटपुटल्यासारखी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांपैकी कुणालाही शब्द कळले नाहीत. मायक्रोफोन मात्र तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होता आणि हेडफोन क्रिकोरच्या कानांवर होते. ती चार मिनिटे त्याने डोळे तिच्यावरून हलवले नाहीत, आणि म्हणून समोरच्या मुद्रणयंत्राची थांबलेली चक्रे त्याला दिसलीच नाहीत.

ती काय म्हणाली, हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. थोरल्या बहिणीने, आराक्सीने, विचारले तेव्हा 'नीट लागलं नाही' म्हणून तो मोकळा झाला होता. शब्द सांगितले असते तर आपण काय गमावले तेही सगळ्यांना कळले असते.

स्वयंपाकघरात आराक्सी भाताच्या पातेल्यावर फडके बांधत होती. भावंडांत ती थोरली, पंचाहत्तरीची. वाहानचा प्रत्येक चित्रपट तिच्या कात्रीखालून गेलेला. मुक्या तुकड्याची गोष्ट संकलनाच्या टेबलावर पहिल्यांदा तिच्याच लक्षात आली होती, आणि 'आवाज साफ करायला दिलाय' ही थापही तिनेच वाहानला मारली होती.

"आणलास?" तिने मागे न बघता विचारले.

"ताई, एप्रिलमध्ये तूच म्हणाली होतीस, परक्या बाईचा आवाज लावलात तर मी कात्री खाली ठेवीन."

"म्हणाले होते. एप्रिलमध्ये तो दोन जिने चढत होता. आता एक चढला की पायरीवर बसतो." तिने गाठ करकचून आवळली. "नुबारचं ऐक. तुला वाहानचा अबोला माहीत आहे. आपल्या बाबांशी किती वर्षं बोलला नाही?"

"नऊ."

"मग? आपल्यापैकी कुणाजवळ नऊ वर्षं आहेत?"

जेवणाच्या टेबलावर वाहान खुशीत होता. बहात्तर वर्षांचा, वाळलेला, पण खांदे अजून शिंप्याच्या पुतळ्यासारखे ताठ. द्राक्षाच्या पानांचा डोलमा त्याने चौथ्यांदा वाढून घेतला तेव्हा आराक्सीने भांडे सरकवले.

"डॉक्टरांनी दोन सांगितलेत."

"डॉक्टर कुठला आहे? आयोवाचा. त्याला डोलम्यातलं काय कळतं?" तो नुबारकडे वळला. "काय, साहेब? तुमच्या वरच्या मजल्यावर काय म्हणतात? म्हातारा अजून जिवंत आहे का, असंच विचारत असतील."

"विचारतात, बाबा. मी सांगतो, आहे, आणि अजून स्वल्पविरामावरून भांडतो."

वाहान मोठ्याने हसला. क्रिकोर हसला नाही. तो भावाच्या हातांकडे बघत होता.

या हातांविषयी त्याच्या मनात लहानपणी जे भय होते त्याचेच पुढे नवल झाले. वडील स्टुडिओच्या शिवणखान्यात शिंपी होते; सतरा वर्षांचा वाहान तयार कपडे चित्रीकरणाच्या जागी पोचवी. एक दिवस नायकाच्या माफीपत्राचे दृश्य चालू असताना तो न राहवून म्हणाला होता की, असला कोट घालणारा माणूस माफी मागत नसतो, तो पैसे पाठवतो. दिग्दर्शकाने त्याला हाकलले आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावले. त्या वेळचे चित्रपट मुके होते. पडद्यावर येणारी वाक्यांची पाटी लिहायला त्याला बसवले. पुढे चित्रपट बोलू लागले आणि भल्याभल्या लेखकांची वाचा बसली, तेव्हा हा शिवणखान्यात पाच भाषांतली भांडणे ऐकत वाढलेला मुलगा दिवसाला दहा पाने संवाद लिहू लागला. सदतीसमध्ये एक दिग्दर्शक चित्रपट अर्धा टाकून निघून गेला. वाहानने तो अकरा दिवसांत पुरा केला. त्यानंतर एकवीस चित्रपट, ऑस्करचे दोन सोनेरी पुतळे, आणि मग ती साठच्या दशकातली कोरडी सात वर्षे, जेव्हा टीव्हीच्या मालिकांतही त्याला कुणी विचारीना. त्याही वर्षांत तो रोज सकाळी नऊला वडिलांच्या कापडकापणीच्या टेबलाशी उभा राहून लिहीत असे. उभाच राहून. अडलाय, खोडतोय, डोके धरून बसलाय, असे त्याला क्रिकोरने एकदाही पाहिले नव्हते. क्रिकोर तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. विजेचा प्रवाह कुठून येतो आणि कुठे जातो हे तो सांगू शके. भावाच्या पेन्सिलीतून माणसे कुठून येतात, हे मात्र त्याला उमगले नव्हते.

आणि त्या माणसांच्या तोंडचा एक शब्दही नटांनी बदललेला वाहानला खपत नसे. एका नामांकित नटाने एकदा 'पण' गाळला. एकतिसाव्या वेळी तो 'पण' म्हणेपर्यंत कुणाला जेवायला सोडले नव्हते.

जेवणानंतर सगळे मागच्या गॅरेजमध्ये गेले. तिथे पडदा होता, आणि क्रिकोरने एक्कावन्न साली स्वतः जुळवलेली जोडी होती: एका यंत्रावर चित्राची रिळे, दुसऱ्यावर आवाजाची, दोन्ही एका गतीने फिरणारी. स्टुडिओला दाखवण्याआधी चित्रपट घरात दाखवायचा, हा तेर्झियानांचा रिवाज. मत कुणी द्यायचे नाही. प्रत्येकाच्या मांडीवर भाजलेल्या पिस्त्यांची वाटी. पिस्ते फुटायला लागले की दृश्य सैल, थांबले की घट्ट. आराक्सी टरफलांच्या आवाजावरून वहीत खुणा करी आणि दुसऱ्या दिवशी त्या खुणांवर कात्री चालवी.

पहिली दहा रिळे नीट गेली. तिसऱ्या रिळाला नुबारने सलग सहा पिस्ते फोडले, वाहान अंधारात म्हणाला, "कळलं, साहेब, कळलं." सातेनिक पडद्यावर आली की मात्र वाट्या गप्प होत. पन्नास वर्षे ती फ्रेस्नोच्या आर्मेनियन रंगमंचावर राण्या आणि माता करत आली होती. हॉलिवूडने तिला चहा आणून देणारी म्हातारी याखेरीज काही दिले नव्हते. वाहानने तिला एक अख्खा चित्रपट दिला.

अकरावे रीळ लागले. क्रिकोरने डब्यातली फीत दुसऱ्या यंत्रावर चढवली आणि आवाजाच्या बटणावर बोटे ठेवली.

मुलगा बोचके घेऊन बाहेर गेला. "मी तयार आहे," सातेनिक म्हणाली. तो तिचाच खरा आवाज. यानंतर रेडिओवरच्या बाईचा आवाज सुरू होणार होता. नुबारने एका तरुण लेखकाकडून ओठांच्या बेताने लिहून घेतलेली वाक्ये: घराचा निरोप, भिंतींना धन्यवाद. वाक्ये वाईट नव्हती. सातेनिकचे ओठ हलू लागले आणि क्रिकोरच्या कानात, चार महिने येत होते तसेच, तिचे खरे शब्द आले.

त्याने बटण शून्यावर फिरवले.

पडद्यावर खिडकी होती, बोडके मळे होते, आणि आवाज नसलेली बाई बोलत होती. कुणी पिस्ता फोडला नाही. नुबारने मान वळवून काकाकडे पाहिले. आराक्सीने वही मिटली. चार मिनिटे संपली, रीळ संपले, क्रिकोरने उठून दिवा लावला.

"आवाज साफ होऊन आला नाही वाटतं अजून?" वाहानने विचारले.

"आवाज नाहीये, वाहान."

"म्हणजे?"

"कधीच नव्हता. तू उठलास तेव्हा मी फीत थांबवली. तू 'कट' म्हणाला नाहीस. मी बघितलंच नाही." वाक्ये एकामागून एक, क्रमवार येत राहिली. "ताईला मार्चपासून माहीत आहे. नुबारला एप्रिलपासून. आज या यंत्रावर दुसऱ्या बाईचा आवाज आहे. मीच भरलाय. तो तुला सातेनिकचा म्हणून ऐकवणार होतो."

वाहान कुणाकडेच बघत नव्हता. त्याने मांडीवरची वाटी सावकाश जमिनीवर ठेवली.

"चार महिने," तो म्हणाला.

"बाबा, कल्पना माझी होती," नुबार म्हणाला.

"तू गप. तू स्टुडिओचा माणूस आहेस, तू तुझं काम केलंस." मग बहिणीकडे, "आणि तू? साफ करायला दिलाय! रोज विचारत होतो मी तुला, रोज! तू माझ्या तोंडावर सांगत होतीस, उद्या येईल."

"मग काय सांगायचं होतं?" आराक्सी भडकली. "तिला पुरून आलो त्या दिवशी सांगायचं होतं? तू जेवत नव्हतास! की तुला दवाखान्यात नेलं त्या दिवशी? तारीख सांग ना, कोणत्या दिवशी सांगितलं असतं तर तुला चाललं असतं?"

"आत्या..."

"थांब रे! आणि त्याच्याकडे काय बघतोस, वाहान? सदतीस वर्षं तुझ्या स्टुलाच्या आवाजावर जगला तो. उठलास तर उठलास, तोंड का नाही उघडलंस?"

वाहानने भावाकडे पाहिले. रागापेक्षाही ते पाहणे क्रिकोरला जड गेले, कारण त्यात ओळख नव्हती. अनोळखी माणसाला पाहावे तसे ते होते. अबोला असा सुरू होतो, हे त्याने वडिलांच्या वेळी पाहिले होते.

नुबारनेच कोंडी फोडली. "बाबा, मंगळवारी दहा वाजता तिथे काहीतरी ऐकू यायला हवं. त्या पोराची वाक्यं फेकून देऊ. तुम्ही लिहा. निदान शब्द तरी तुमचे असतील. आवाजाचं मी बघतो."

वाहान उठला. कोपऱ्यात वडिलांचे टेबल होते, कापडाच्या खुणांनी चरे पडलेले. त्यावर कागद आणि पेन्सिली. तो तिथे जाऊन उभा राहिला, क्रिकोरने पन्नास वर्षे पाहिला तसा, डावा तळहात टेबलावर टेकून. आता येईल, क्रिकोरला वाटले. आणि या परिस्थितीतही त्याचे मन जुन्या नवलाने भरून आले. याच टेबलाशी त्याने पाच मिनिटांत लिहिलेले वाक्य पुढे तीस वर्षे लोक आपल्या बायकांना पत्रांत लिहीत राहिले होते.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. पेन्सिल कागदाला टेकली, उचलली गेली, पुन्हा टेकली. मग वाहानने ती टेबलावर आडवी ठेवली.

"येत नाहीये," तो म्हणाला.

आराक्सीने तोंडावर हात ठेवला. हे वाक्य त्या घरात कुणी ऐकले नव्हते.

"ती त्या खिडकीशी काय म्हणेल, ते मला येत नाहीये. मला वाटलं होतं, 'मी तयार आहे' म्हणाली की संपलं. तिथे संपत नव्हतं. तिला माहीत होतं. मी लिहिणारा, आणि मलाच माहीत नव्हतं." तो पाठमोराच होता. "काय म्हणाली असेल रे ती?"

"मी ऐकलंय," क्रिकोर म्हणाला.

वाहान वळला.

"फीत थांबली होती, मायक्रोफोन नाही. हेडफोन कानावर होते माझ्या. शब्द न् शब्द ऐकलाय."

"मला तर म्हणालास, नीट लागलं नाही!" आराक्सी म्हणाली.

"लाज वाटली, ताई. सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, मी काय घालवलंय ते."

"सांग," वाहान म्हणाला. "तिच्या शब्दांत. एकही बदलू नकोस."

क्रिकोरने डोळे मिटले. नक्कल त्याला येत नव्हती आणि त्याने केलीही नाही. यादी वाचावी तसे, आपल्या कोरड्या आवाजात, तो आर्मेनियनमध्ये बोलू लागला. "मुलांना जेवायला हाक मारत होती, एकेक हाक पुन्हा पुन्हा. 'मिहरान, जेवायला ये.' मग थांबली. 'आघावनी, हात धुवून ये. दोन्ही हात.' थांबली. 'तोरोस, ते कुत्र्याचं पिल्लू बाहेरच ठेव, आत आणायचं नाही.' मग बराच वेळ थांबली. मग म्हणाली, 'शुशान झोपली असेल तर उठवू नका. उचलूनच आणा.'"

"ही पात्रं कथेत नाहीत," नुबार गोंधळून म्हणाला. "म्हातारीला दोनच मुलगे आहेत."

"कथेतली नाहीत ती." आराक्सी खुर्चीवर बसली. "सातेनिकची भावंडं. चौघं. पंधरा सालच्या कत्तलीत तुर्कांनी आर्मेनियनांना गावाबाहेर हाकललं तेव्हा चौदा वर्षांची होती ती; चौघंही वाटेत गेली, आणि मागे वळून बघायचं नाही असं सांगितलं होतं. एवढंच एकदा बोलली, मग कधीच नाही. दर एप्रिलमध्ये चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावायची. विचारलं तर म्हणायची, उजेडासाठी. नावं मी आज ऐकली. पन्नास वर्षं ओळखत होते तिला."

क्रिकोरच्या मनात आले, ही नावे आता जगात चार महिन्यांनी पहिल्यांदा उच्चारली गेली. आणि मधल्या काळात ती फक्त आपल्याजवळ होती, आणि आपण ती लपवून बसलो होतो. त्याला स्वतःची भीती वाटली.

"माझ्या चित्रपटात," वाहान हळू म्हणाला. "सगळं आयुष्य थांबली, आणि माझ्या चित्रपटात हाक मारली त्यांना." चाळीस वर्षे जगातल्या बायकांनी काय बोलावे ते ठरवणारा तो माणूस आता शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा होता. "ती फीत काढ, क्रिकोर. त्या रेडिओवाल्या बाईचे पैसे द्या, आभार माना. या हाका दुसरं कुणी मारणार नाही. मुकंच राहू दे."

नुबारने कपाळ चोळले. मग, खिडकीतून डबा बघणाऱ्या सकाळच्या नुबारपेक्षा निराळ्या आवाजात म्हणाला, "मंगळवारी मी सांगतो त्यांना. आवाज नाही आणि लागणारही नाही. कापायचं असेल तर आधी मला कापा."

"कापतील," वाहान म्हणाला.

"कापू देत. आत्याच्या हाताखाली लागेन. रिळं उचलायला माणूस लागतोच तिला."

"इस्त्री मोडेल," आराक्सी डोळे पुसत म्हणाली.

वाहानने खुर्ची ओढली आणि ती क्रिकोरच्या यंत्राशेजारी आणून ठेवली. बसला. यंत्राच्या फिरत्या पंख्याकडे बघत राहिला.

"प्रत्येक नावानंतर किती थांबली?" त्याने विचारले. "तू मोजलं असशील."

"मिहराननंतर चार सेकंद. आघावनीनंतर सहा. तोरोसनंतर अकरा."

"आणि शुशाननंतर?"

क्रिकोरला हे उत्तर चार महिने पाठ होते आणि ते द्यावे लागू नये असे त्याला वाटत होते.

"शुशाननंतर तू 'कट' म्हणालास."

वाहानने बहिणीला विचारले, "माझ्या शब्दानंतर कॅमेरा किती चालला?"

"एकोणीस सेकंद. कॅमेरावाल्याचे डोळे भरले होते, त्याला बटण दिसेना. टाकाऊत आहे तो तुकडा. मी नीट पाहिलाही नाही. तू 'कट' म्हटल्यानंतरचं मी कधी बघतच नाही."

"लाव."

तुकड्यांची कापडी पिशवी तिने टेबलावर उपडी केली, चष्म्याच्या काठावरून एकेक पट्टी उजेडात धरली, आणि सापडलेली पट्टी अकराव्या रिळाच्या शेवटाला चिकटवून दिली. क्रिकोरने रीळ मागे घेतले, दिवा घालवला.

पुन्हा खिडकी. पुन्हा ते हलणारे ओठ. आता अंधारात चौघेही मनातल्या मनात त्यांच्याबरोबर नावे घेत होते. शेवटची हाक झाली. इथे आजवर चित्र संपत असे. या वेळी ते चालू राहिले.

सातेनिक खिडकीपासून वळली. वाहानचा शब्द तिच्या कानावर पडला असलाच तर तिने तो मानला नव्हता. ती आतल्या दाराकडे बघत होती, पण डोळे दाराच्या निम्म्या उंचीवर, जिथे मुलांची डोकी येतात तिथे. मग ती थोडी बाजूला सरकली, कुणाला तरी वाट दिली. नजर दारापासून टेबलापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, परत आली. तिसऱ्यांदा जाताना ती जराशी रागावली. बहुधा पिल्लू आत आले असावे. मग तिने दोन्ही हात पुढे केले, कोपरांत वाकवले, आणि कुणीतरी अलगद काही सोपवावे तसे ते किंचित खाली गेले. तिने मान झुकवून पाहिले.

पडदा पांढरा झाला. फितीचे सुटे टोक यंत्रात फडफडत राहिले आणि ते थांबवायचे क्रिकोरला सुचले नाही. अंधारात वाहानचा हात चाचपडत आला आणि त्याच्या मनगटावर विसावला.

"मीसुद्धा वेळेआधीच थांबवलं, रे," वाहान म्हणाला.